पश्चिमेच्या खिडकीतला व्हर्टिकल

व्हर्टिकल मूळचा घरातला नव्हे. जळगाव-धुळ्याच्या माणसाने त्याला आधी बँकेत पाहिला, मग विमा कचेरीत, मग दाताच्या डॉक्टरांच्या केबिनमध्ये. कर्जाचा अर्ज हातात धरून किंवा गालावर रुमाल दाबून बसलेल्या माणसाचं त्याच्याकडे लक्ष तरी कसं जाणार? तो मात्र तिथे उभा असायचा. साय जुनी झाल्यावर येतो त्या रंगाचा, खालच्या मण्यांच्या साखळीला हलकेच झुलवत. पुढे महाबळ कॉलनीत, रिंग रोडला, धुळ्याला देवपुरात घरं वर चढली, खिडक्या सरकत्या काचेच्या आणि भिंतभर रुंद झाल्या, आणि लोक दुकानात जाऊन सांगू लागले, "बँकेत असतात ना, तशा पट्ट्या दाखवा." दुकानदार त्याला नुसतं व्हर्टिकल म्हणतो. मीही तेच म्हणते.

त्याची बांधणी साधी आहे आणि तिच्यात काहीही लपवलेलं नाही. वर ॲल्युमिनियमची पोकळ पट्टी. तिच्यात एका रांगेत छोट्या चाकांच्या गाड्या, प्रत्येक गाडीला एक आकडा, आकड्याला टांगलेली १०० मिलिमीटर, म्हणजे साधारण चार इंच रुंदीची कापडी पट्टी. पट्टीच्या तळाशी शिवलेल्या खिशात एक चपटं वजन, त्यामुळे ती ताठ राहते. तळातली सगळी वजनं बारीक साखळीने एकमेकांना जोडलेली. शेजारच्या दोन पट्ट्या मिटल्यावर एकमेकींवर सेंटिमीटरभर चढतात, म्हणून सहा फुटी खिडकीला वीस-एकवीस पट्ट्या लागतात. एक दोरी ओढली की सगळ्या बाजूला गोळा होतात. दुसरी, मण्यांची माळ ओढली की सगळ्या आपापल्या जागी उभ्या राहून एकदम वळतात. शाळेच्या मैदानावर कवायतीची रांग ‘दाहिने मूड’ ऐकून वळते, तसं ते वळणं असतं. आणि रांगेत एखादा पोरगा चुकून डावीकडे वळावा, तशी कधी एखादी पट्टी आकड्यातला दात झिजल्याने उलटी फिरते. मग पूर्ण खिडकीत तीच दिसत राहते.

विसाव्या शतकाच्या मध्यावर अमेरिकेतल्या कॅन्सस सिटीत बॉप आडनावाच्या दोघांनी हा घडवला आणि त्याचं पेटंट घेतलं. तिथून तो कचेऱ्यांमधून जगभर फिरला. पण माझ्या मते त्याचं खरं काम खानदेशात आहे. तेही कुठल्याही खिडकीत नव्हे, पश्चिमेच्या खिडकीत.

इथलं जुनं घर पाहिलेल्या कुणालाही हे समजावून सांगावं लागत नाही. धाब्याचं छप्पर, हात-दीड हात जाडीच्या मातीच्या भिंती, आणि खिडकी म्हणावी तर एवढीशी. बाहेर ऊन पेटलेलं असताना आत अंधार आणि गारवा असायचा. त्या घराला पडदा लागतच नव्हता, भिंत हाच पडदा होता. मग स्लॅब आला. नऊ इंची भिंत, तिच्यात सहा बाय पाचची काच, आणि प्लॉटची दिशा पालिकेच्या रस्त्याने ठरवलेली. ज्याला पश्चिमेचा फ्लॅट मिळाला त्याच्या हॉलमध्ये मेच्या दुपारी काय होतं, हे भुसावळ-जळगावच्या माणसाला विचारावं. बाहेर पारा पंचेचाळिसाच्या घरात असतो आणि संध्याकाळी पाचला सोफ्याच्या रेक्झिनला हात लागला तर चटका बसतो.

लोक म्हणतात, वर छज्जा आहे की. छज्जा दक्षिणेच्या खिडकीला राखतो, पश्चिमेच्या नाही. जळगाव आणि धुळे दोन्ही एकवीस अक्षांशाच्या आसपास आहेत. मेच्या पंचवीस-सव्वीस तारखेला, दुपारी साडेबाराला पाचेक मिनिटं कमी असताना, इथे सूर्य बरोबर डोक्यावर येतो. अंगणात रोवलेल्या काठीची सावली काठीच्या पायातच जिरते. त्याच दिवसांत सूर्य रोहिणीत जातो आणि नवतपा लागतो. दुपारी डोक्यावरून तो पश्चिमेला उतरू लागतो. तीन वाजता तो आकाशात अर्ध्याच्या जरा वर असतो आणि दोन फुटी छज्जा खिडकीवर पावणेतीन फूट सावली टाकतो. पाच वाजता तो सव्वीस अंशांवर आलेला असतो, आणि त्याच छज्ज्याची सावली फूटभर उरते. बाकीची चार फूट काच उघडी. सूर्य मावळायला अजून दोन तास असतात. वरून अडवून भागत नाही असं हे ऊन आहे, ते समोरून, आडवं येतं.

म्हणूनच उभ्या पट्ट्या. आडव्या पट्ट्यांचा व्हेनेशियन दक्षिणेला चांगला चालतो, कारण तिथे ऊन उंचावरून येतं आणि पट्ट्या थोड्या कलल्या तरी अडतं. पश्चिमेला तो पूर्ण मिटावा लागतो, म्हणजे खोलीत अंधार. रोलरला तर वर किंवा खाली एवढंच माहीत. व्हर्टिकल मात्र डाव्या-उजव्याचा जाणकार आहे, आणि मावळतीकडच्या सूर्याचं वर्षभराचं येणं-जाणं डाव्या-उजव्याचंच असतं.

हे दुकानात कुणी सांगत नाही, म्हणून इथे थोडं थांबते. पश्चिमेच्या खिडकीत आतून बाहेर तोंड करून उभं राहा. उजवा हात उत्तरेला, डावा दक्षिणेला. मे-जूनमध्ये दुपारनंतरचा सूर्य सरळ समोर नसतो, थोडा उजवीकडे असतो. पाच वाजता बारा-तेरा अंश, मावळताना वीस-बावीस. तेव्हा पट्ट्यांची तोंडं उजवीकडे, येणाऱ्या उन्हाकडे करायची. अर्धं वळण पुरतं. एवढ्याने पाचचं ऊन जवळजवळ सगळं पट्ट्यांवर अडतं आणि डावीकडच्या, दक्षिणेकडच्या आकाशाचा उजेड फटींतून आत येत राहतो. दिवा लावावा लागत नाही. तेच अर्धं वळण उलट्या बाजूला घेतलं तर ऊन रेघारेघांनी फरशीवर उतरतं. पट्ट्या त्याच, माळ तीच, कोनही तोच. फरक फक्त कुठल्या बाजूला वळवल्या याचा.

आणि डिसेंबरात सगळं उलटं. हिवाळ्यात दुपारी चारला सूर्य पश्चिमेच्या पुष्कळ डावीकडे, नैर्ऋत्येला असतो. तेव्हा पट्ट्या डावीकडे वळवायच्या. किंवा वळवायच्याच नाहीत. धुळ्याच्या थंडीत ते ऊन आत हवंच असतं. ज्याच्या घरी व्हर्टिकल वर्षभर एकाच कोनात धूळ खात उभा आहे, त्याने त्याला घरात आणलं पण त्याची ओळख करून घेतली नाही, असं मला मनापासून वाटतं. वळणं हाच त्याचा गुण आहे. नुसतं झाकायचंच असेल तर साधा कापडी पडदा स्वस्त पडतो आणि धुताही येतो.

पण त्याच्या मर्यादाही स्पष्ट सांगायला हव्यात, कारण विकताना त्या झाकल्या जातात. व्हर्टिकल काचेच्या आत असतो. ऊन काच ओलांडून त्याच्यावर आदळतं तेव्हा ते घरात आलेलंच असतं. पट्टी गडद असेल तर ती ऊन पिते, स्वतः तापते आणि ती ऊब खोलीलाच देते. पट्टी फिकट असेल, विशेषतः काचेकडची बाजू पांढरी असेल, तर बराचसा उजेड उष्णता होण्याआधीच काचेतून परत बाहेर जातो. म्हणून चॉकलेटी आणि मरून रंगाचे नमुने कितीही भारदस्त दिसले तरी पश्चिमेच्या खिडकीसाठी ते नकोत. आणि पांढरा घेतला तरी तो उन्हाचा चकाका थांबवतो, टीव्हीवरची तिरीप थांबवतो, सोफ्याचं आणि पुस्तकांचं उडणारं रंगरूप वाचवतो, पण सगळा उन्हाळा थांबवत नाही. ऊन काचेच्या बाहेरच अडवलं तरच खोली खरी गार राहते.

हे खानदेशाला फार आधीपासून माहीत आहे. व्हर्टिकलच्या आधीची मंडळी सगळी बाहेरची होती. वाळ्याचा पडदा दाराला टांगून त्यावर पाणी शिंपडायचे. वाळ्याच्या मुळ्यांतून येणारी झुळूक गारही असायची आणि सुगंधीही. ज्याला वाळा परवडत नसे त्याच्याकडे गोणपाट. धान्याची रिकामी पोती उसवून, दोन-तीन जोडून, खिडकीबाहेर खिळ्यांना बांधलेली. तासातासाला त्यांच्यावर तांब्याभर पाणी. मेमधली इथली हवा कोरडी असते, म्हणून ते पाणी झपाट्याने उडून जाताना गारवा ठेवून जातं. जुलैत ओल्या हवेत तेच गोणपाट नुसतं कुबट वास देतं. बांबूची चीक होती, ऐपतदारांच्या ओसरीवर. आणि जळगावात चटई आहेच. प्लास्टिकच्या चटया विणण्याचा उद्योग इथल्या एमआयडीसीत मोठा आहे, त्यामुळे जुनी चटई फेकली जात नाही. ती गॅलरीच्या कठड्याला, खिडकीच्या ग्रिलला, कधी पानटपरीच्या पश्चिमेला बांधलेली दिसते. अलीकडे तिच्या जोडीला हिरवी शेडनेट आली आहे.

माणसांच्या घरांनाच नव्हे, इथे पिकालाही पडदा लागतो. रावेर-यावलकडे केळीच्या बागेच्या कडेने शेवरी लावतात, गजराज गवत लावतात, काहीजण हिरवी जाळी ताणतात. उन्हाळ्यातला तापलेला वारा सरळ बागेत शिरला तर पानं फाटतात आणि कडा करपतात. ज्या शेतकऱ्याने बागेच्या पश्चिमेला शेवरीची रांग उभी केली, त्याला मुलाच्या फ्लॅटमधला प्रश्न ताबडतोब कळतो. आधी बाहेर अडव, मग आतलं बघ. व्हर्टिकल दुसऱ्या फळीतला गडी आहे. पहिली फळी म्हणजे कडुनिंब, चटई, जाळी. पहिल्या फळीशिवाय त्याला एकट्याला उभं करणं हा त्याच्यावर अन्याय आहे.

घरातल्या एकाशी मात्र त्याचं कधीच जमत नाही, तो म्हणजे कूलर. खानदेशात कूलर खिडकीतच बसतो, अर्धा बाहेर, लोखंडी स्टँडवर. त्याचा वारा सुरू झाला की पट्ट्या फडफडतात, तळाची वजनं एकमेकांवर आपटतात, साखळी तुटते आणि रात्रभर टकटक चालू राहते. कूलरचं तोंड सोडून एका बाजूला पट्ट्या गोळा कराव्यात, तर त्या गठ्ठ्यालाच वारा लागतो आणि ओलसर हवेने कापडावर पिवळट डाग धरतात. शिवाय कूलरला समोरची एखादी खिडकी उघडी लागते. आत ढकललेली ओली हवा बाहेर पडली नाही तर घर गार होण्याऐवजी चिकचिकीत होतं. त्या उघड्या खिडकीत व्हर्टिकल असेल तर तोही बाहेर जाणाऱ्या वाऱ्यात नाचतो. म्हणून माझं स्पष्ट मत असं की कूलरच्या खिडकीला आणि त्याच्या समोरच्या खिडकीला साधा सुती पडदा असावा. व्हर्टिकल त्या काचेला, जी उन्हाळ्यात उघडायचीच नसते.

दुकानात गेल्यावर काय पाहावं? आधी पट्टी हातात घेऊन दिव्यासमोर धरावी. विणीतून दिवा स्पष्ट दिसला तर संध्याकाळी बाहेरच्यालाही घरातलं दिसेल. त्यानंतर पीव्हीसीचा मोह टाळावा. पीव्हीसीची पट्टी ओल्या फडक्याने पुसता येते, हे खरं. स्वयंपाकघरात ती ठीक. पीव्हीसी पाइप आणि ठिबकच्या नळ्यांनी जळगाव शहर मोठं झालं आहे, तेव्हा उन्हात पडलेलं प्लास्टिक काही वर्षांत कसं कडकडीत होतं, हे इथल्या शेतकऱ्याला वेगळं सांगायला नको. पट्टीचं भोक, जिथे ती आकड्यात अडकते, तेच आधी तडकतं. १९९६ मध्ये अमेरिकेत आयात केलेल्या स्वस्त व्हिनाइल पडद्यांमध्ये शिसं आढळलं होतं, आणि ऊन लागून प्लास्टिक झिजलं की त्याची धूळ पडद्यावर जमते असं तिथल्या ग्राहक सुरक्षा आयोगाने दाखवून दिलं होतं. ती आडव्या पट्ट्यांची गोष्ट होती. पण उन्हाच्या खिडकीत कुठला माल टांगतोय, हे विचारायला ती पुरेशी आहे.

कापडी पट्टीचं एक सुख इथे विशेष आहे. खानदेशात धूळ आहे, आणि कापसाच्या हंगामात जिनिंगच्या आसपास हवेत तंतू तरंगतात. आडव्या पट्टीवर ते थर धरून बसतात, उभ्या पट्टीवर टिकत नाहीत. आठवड्याला मऊ ब्रश वरून खाली फिरवला की झालं.

मापाच्या वेळी दोन गोष्टी. पट्टी चार इंची, म्हणजे उघडताना ती आपल्या आसापासून पुढे दोन आणि मागे दोन इंच फिरते. खिडकीचं हँडल, मच्छरजाळीची चौकट, ग्रिलचा नक्षीदार फुगवटा त्या दोन इंचांत येत असेल तर पट्टी तिथे अडते आणि रांग बिघडते. मग ब्रॅकेट पुढे घ्यावी लागते. दुसरी गोष्ट म्हणजे, पट्ट्या बाजूला सारल्यावर त्यांचा जो गठ्ठा होतो त्याला भिंतीवर जागा ठेवायची, नाहीतर तो कायम काचेचाच तुकडा खातो. रुंदी खिडकीपेक्षा दोन्हीकडे तीन-तीन इंच जास्त घेतली की कडेच्या फटीतून येणारी पाचची तिरीपही थांबते.

घरात लहान मूल असेल तर आणखी एक, आणि ही सगळ्यात महत्त्वाची. लोंबणारी दोरी आणि मण्यांची माळ यांचा फास मुलाच्या गळ्यात बसू शकतो. असे मृत्यू झालेले आहेत. म्हणूनच अमेरिकेत २०१८ च्या अखेरीस दुकानात तयार मिळणाऱ्या पडद्यांना लोंबती दोरी नसावी असं मानक लागू झालं. आपल्याकडे दुकानदार न विचारताच लांब माळ सोडून देतो. दोरीऐवजी दांडी मागावी. ती मिळते. नाहीच मिळाली तर माळ भिंतीला खालच्या टोकाशी घट्ट बसवून घ्यावी, आणि खिडकीखालचा पलंग हलवावा.

धुळ्याला देवपुरात माझी मावशी राहते. घर जुनं, पण पश्चिमेची खोली मुलाने नवीन बांधलेली, मोठ्या काचेची. तिला तिथे व्हर्टिकल हवा होता, कारण नातवाची दहावी होती आणि त्याचं टेबल त्याच खिडकीशी. मावशीच्या सासूबाई खाटेवरून पाहत होत्या. दुकानातल्या माणसाने नमुन्याची पट्टी खिडकीला धरली तशा त्या म्हणाल्या, "हाई काय टांगेल शे वं?" मावशीने सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि बोट बाहेरच्या कडुनिंबाकडे केलं, त्याला तोडू नका म्हणून. तोडण्याचा विचार खरोखरच चालला होता, गाडी लावायला जागा हवी होती.

"भाऊ, हा गडद नको," मावशी दुकानदाराला म्हणाली. "मागची बाजू पांढरी असलेला दाखवा."

"ताई, पांढरा मळतो ना."

"मळू द्या. पुसायला मी आहे."

कडुनिंब राहिला, गाडी रस्त्यावर लागते. ग्रिलच्या बाहेर वरच्या भागावर चीक बांधली, ती मार्चमध्ये सोडतात आणि पावसाच्या आधी गुंडाळतात. आत पांढरट कापडाचा व्हर्टिकल, माळेच्या जागी दांडी. कूलर पलीकडच्या उत्तरेच्या खिडकीत गेला. नातवाला मावशीने पहिल्याच दिवशी दांडी हातात देऊन शिकवलं, होळी झाली की उजवीकडे, दिवाळी झाली की डावीकडे. टेबलावर आता दुपारी दिवा लागत नाही, आणि वहीवर ऊनही पडत नाही.